सुगीचे आभार कोणी कोणाचे मानायचे?

ऑक्टोबर महिन्यातील दुसरा सोमवार आपल्याकडील कोणत्याही पंचांगात नोंदलेला नाही. तरीही ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्यातील पुष्कळ घरांना तो अलीकडे ठाऊक झाला आहे. त्या दिवशी कॅनडात सुट्टी असते, शनिवार-रविवार धरून ती तीन दिवसांची होते आणि टोरांटो, ब्रॅम्प्टन वा मिसिसागा येथे स्थायिक झालेल्या मुलाला अथवा सुनेला घरी निवांत बोलायला सवड मिळते. तिकडे रविवारची सकाळ उजाडते तेव्हा इकडे दिवेलागण झालेली असते. आजी-आजोबा चष्मा पुसून दूरध्वनीच्या पडद्यासमोर बसतात आणि नातवंडे शाळेत कागदाची टर्की कशी कापली ते दाखवतात. हा कसला सण, असे आजी विचारते. मुलगा सांगतो की हा थँक्सगिव्हिंग, आभार मानण्याचा दिवस. कोणाचे आभार, हा आजीचा पुढचा प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर मात्र मुलाला चटकन देता येत नाही.

तो प्रश्न भाबडा वाटला तरी तसा नाही. कॅनडाच्या इतिहासात याच प्रश्नाला वेळोवेळी निरनिराळी उत्तरे दिली गेली आहेत. इंग्लंडचा दर्यावर्दी मार्टिन फ्रोबिशर १५७८ साली उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ समुद्रात आपल्या माणसांसह बचावला आणि त्याने ईश्वराचे आभार मानले. हाच या सणाचा आरंभ असे कॅनडातील शाळकरी पुस्तके सांगतात. फ्रेंच परंपरेचे अभिमानी १६०६ सालचा दाखला देतात. पोर्ट रॉयलच्या वसाहतीत साम्युएल द शांप्लेन याने हिवाळ्यातील रोगराई आणि उदासीनता यांवर उतारा म्हणून आलटून पालटून मेजवान्या देणारे एक मंडळ काढले होते आणि शेजारच्या मिगमाव आदिवासींनाही त्या मेजवान्यांना बोलावणे असे. या दोन्ही घटना खऱ्या आहेत. परंतु त्यांचा आजच्या सणाशी अखंड धागा जुळतो, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. फ्रोबिशरच्या आभारांत सुगीचा संबंधच नव्हता. ज्या भूमीवर तो उतरला तेथे धान्याचे कणीसही उगवत नाही. अमेरिकेच्या लोकांनी आपल्या सणाचे मूळ १६२१ सालच्या प्लिमथ येथील मेजवानीत शोधले, तेव्हा शेजाऱ्यापेक्षा आपले मूळ जुने असावे या हव्यासातून हे पूर्वज मागाहून धुंडाळले गेले, असेच म्हणावे लागते.

खरा इतिहास यापेक्षा साधा आणि अधिक बोलका आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओंटारियोतील प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकांनी अमेरिकेचे पाहून हा दिवस उचलून धरला. संघराज्य झाल्यानंतरचा पहिला आभारदिन १८७२ च्या एप्रिलमध्ये पाळला गेला, तो सुगीसाठी नव्हे, तर इंग्लंडचा युवराज दुखण्यातून उठला म्हणून. १८७९ सालच्या नोव्हेंबरात तो सुगीच्या निमित्ताने राष्ट्रीय स्वरूपात पाळला गेला. पुढे तारखा बदलत राहिल्या. १९०८ साली तो सोमवारी आणण्यात आला. सलग सुट्टी मिळाली तर लोक प्रवासाला निघतील, हा रेल्वे कंपन्यांचा हिशेब त्यामागे होता. पहिल्या महायुद्धानंतर, १९२१ ते १९३१ या काळात, युद्धविरामाचा स्मृतिदिन आणि आभारदिन एकाच सोमवारी कोंबण्यात आले. मृतांचे स्मरण आणि टर्कीचे भोजन एका दिवशी कसे व्हावे, हा पेच दहा वर्षे चालला आणि अखेर सैनिकांच्या आग्रहाने दोन्ही दिवस वेगळे झाले. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार कायमचा ठरला तो १९५७ सालच्या जानेवारीत. म्हणजे ज्या सणाला चारशे वर्षांची परंपरा सांगितली जाते, त्याचे आजचे रूप भाषावार प्रांतरचनेहूनही लहान वयाचे आहे!

यात कॅनडाची थट्टा करण्याचा हेतू नाही. परंपरा रचल्या जातात, हे एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, त्यापूर्वीही महाराष्ट्राला ते अनुभवाने ठाऊक होते. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ सालचा आहे आणि तो रचला गेला म्हणून खोटा ठरत नाही. प्रश्न एवढाच की, एखादा रचलेला सण कोणाला आत घेतो आणि कोणाला उंबऱ्याबाहेर ठेवतो.

कॅनडाच्या राष्ट्रीयत्वाचा प्रश्न मुळातच विलक्षण आहे. त्या देशाचे नागरिकत्व म्हणून जे स्वतंत्र कायदेशीर नाते, तेच १ जानेवारी १९४७ रोजी जन्मले. तोवर तेथील लोक ब्रिटिश प्रजाजन होते. मेपलच्या पानाचा ध्वज १९६५ साली आला. राष्ट्रगीत अधिकृत झाले १९८० साली. राज्यघटना दुरुस्त करण्याचा अधिकार लंडनहून ओटावाला आणला गेला तो १९८२ साली. ज्याला आपण राष्ट्राची लक्षणे म्हणतो, ती कॅनडाने सावकाश, एकेक करून, जणू हप्त्याने जमा केली. शिवाय क्वेबेकच्या फ्रेंच भाषकांना त्यांतील कितीतरी लक्षणे आपली वाटतच नाहीत. आभारदिनही त्या प्रांतात बेताच्याच उत्साहाने येतो. अटलांटिक किनाऱ्याच्या प्रांतांत तर तो मालकांवर बंधनकारक असलेली पगारी सुट्टी नाही. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथील एका नभोवाणी कार्यक्रमाने ‘कॅनडाइतके कॅनेडियन’ या अर्थाची म्हण पुरी करण्याची स्पर्धा लावली होती. जी ओळ जिंकली तिचा आशय असा होता की, परिस्थितीनुसार जमेल तितपत कॅनेडियन! या उत्तरावर सारा देश हसला आणि ते उत्तर त्याने मनाशी जपूनही ठेवले. स्वतःच्या अस्मितेवर असे हसता येणे हाही अस्मितेचाच एक प्रकार आहे आणि आपल्याकडे तो दुर्मिळ आहे.

अशा देशाने ८ ऑक्टोबर १९७१ रोजी, पंतप्रधान पियेर त्रुदो यांच्या तोंडून, बहुसांस्कृतिकता हे सरकारी धोरण म्हणून स्वीकारले. त्यानंतर तीनच दिवसांनी आभारदिन होता. हा निव्वळ योगायोग असला तरी दोन्ही गोष्टी पुढे एकमेकींच्या उपयोगी पडल्या. दोन राजभाषा राहतील, पण अधिकृत संस्कृती कोणतीही नसेल, असे त्रुदो म्हणत होते. त्याआधी चार वर्षे, १९६७ साली, स्थलांतरितांची निवड वंश पाहून न करता शिक्षण, भाषा व कौशल्य यांच्या गुणांवर करण्याची पद्धत सुरू झाली होती. त्या गुणपद्धतीच्या दारातून दादर-गिरगावचे, मागाहून ठाणे-डोंबिवलीचे अभियंते आणि डॉक्टर कॅनडात शिरले. आज त्या देशातील जवळजवळ दर चौथा माणूस परदेशात जन्मलेला आहे. २०२१ च्या जनगणनेने हे प्रमाण २३ टक्के नोंदवले. एवढ्या नाना जातींच्या माणसांनी वर्षातून एकदा एकत्र जेवावे तर कशाच्या नावाने जेवावे? नाताळ एका धर्माचा, राणीचा वाढदिवस एका साम्राज्याचा. उरतो हा सुगीचा दिवस. १९५७ च्या घोषणेत सर्वशक्तिमान परमेश्वराचा उल्लेख आहे खरा, पण घरोघरच्या टेबलावर आता त्याची सक्ती उरलेली नाही. टर्कीऐवजी भरली वांगी ठेवली आणि भोपळ्याच्या गोड पायऐवजी भोपळ्याचे घारगे तळले, तरी सण भ्रष्ट होत नाही. शीख कुटुंब, फिलिपिनो कुटुंब, डोंबिवलीचे कुटुंब, प्रत्येकाने आपापल्या रीतीने तो पाळला तरी तो एकच सण राहतो. डोंबिवलीचा तरुण कॅनडात गेल्यावर ज्या पहिल्या सणात संकोच न होता सामील होतो, तो बहुधा हाच असतो. त्यासाठी त्याला चर्चमध्ये जावे लागत नाही आणि देव्हारा झाकावाही लागत नाही.

चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती अलीकडे अधिक ठळक झाली आहे. महाविद्यालयात पहिल्या वर्षाला गेलेली कॅनेडियन मुले याच सुट्टीत प्रथम घरी परततात, वसतिगृहे रिकामी होतात आणि परदेशी विद्यार्थ्याला आपले परदेशीपण त्या तीन दिवसांत जेवढे जाणवते तेवढे एरवी जाणवत नाही. काही सहृदय कुटुंबे अशा मुलांना जेवायला बोलावतात. ही रीत तेथे चांगली रुजलेली आहे. परंतु घरभाडे आणि महागाई यांनी पिचलेले विद्यार्थी मोफत धान्य देणाऱ्या केंद्रांच्या रांगेत उभे राहू लागले, तेव्हा २०२३ साली ब्रॅम्प्टनच्या एका केंद्राने परदेशी विद्यार्थ्यांना दार बंद केले. २०२४ च्या जानेवारीत सरकारने विद्यार्थी परवान्यांवरच मर्यादा घातली. आभारदिनाच्या सुमारास कॅनडात धान्य आणि डबाबंद अन्न गोळा करण्याच्या मोहिमा निघतात, त्या दानशूरपणाचे कौतुक व्हायलाच हवे. पण टेबल मोठे आहे हे सांगणे वेगळे आणि खुर्च्या किती हे मोजू लागणे वेगळे. कर्ज काढून मुलाला तिकडे धाडणाऱ्या कल्याण-डोंबिवलीच्या पालकांनी हा फरक गेल्या काही वर्षांत जवळून पाहिला आहे.

मग आजीच्या प्रश्नाकडे परत यावे. कोणाचे आभार? याचे उत्तर शोधण्यासाठी टोरांटोपर्यंत जाण्याचे खरे म्हणजे कारण नव्हते. ठाण्याच्या खाडीपासून उल्हास नदीच्या काठापर्यंतची ही भूमी भाताची भूमी आणि भाताच्या भूमीला आभार मानल्याशिवाय जेवण्याची सवय नव्हती. रोहिणी-मृगात पेरलेले हळवे भात आश्विनात पिकते. निमगरवे आणि गरवे मागाहून, दिवाळीच्या पुढेमागे. पहिले हळवे भात हाताशी आले की आश्विनी पौर्णिमेला नवान्न. शहरात त्याच रात्रीला कोजागरी म्हणतात आणि मसाल्याचे दूध पिऊन जागरण करतात. कोकणात तीच नव्याची पुनव. भाताची लोंबी, नाचणीचे कणीस, आंब्याचे पान, कुर्डूचे फूल, झेंडू हे सगळे एकत्र बांधून त्याचे ‘नवे’ करायचे आणि ते दाराला, कोठीला, नांगराला बांधायचे. मग नव्या तांदळाची खीर किंवा नव्या भाताचे पोहे आधी देवाला आणि मग घराला. या विधीत भटजी आलाच पाहिजे असे नाही. डोंबिवलीच्या भोवतीच्या आगरी गावांत, ठाण्याच्या कोळीवाड्यांना लागून असलेल्या शेतांत, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर ही रीत थोड्याफार फरकाने एकच होती.

याच मातीवर दुसराही एक आभारदिन आहे, पण तो शेजारच्या गल्लीत साजरा होत असूनही बहुसंख्य मराठी वाचकांना त्याचे नाव ठाऊक नसते. साष्टी आणि वसई भागातील मराठी बोलणारे कॅथलिक, ज्यांना ईस्ट इंडियन म्हणतात, ते ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ‘आगेरा’ पाळतात. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणल्या जातात, धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतो, आणि मग त्या घरोघर वाटल्या जातात. लुगडे नेसलेल्या बायका, बँडवरची गाणी आणि घरी तळलेले फुगे. आगेरा हा शब्द शेत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असे सांगतात. आगर आणि आगरी यांच्याशी त्याचे जे ध्वनिसाम्य आहे त्यावरून कोणी इमले बांधू नयेत, पण ज्यांच्या खाचरांचे बांध एकमेकांना लागून होते त्यांचे शब्दही कानाला लागून असावेत, हे गमतीचे आहे खरे. साष्टीवर १७३७ मध्ये मराठ्यांचा झेंडा लागला, १७३९ मध्ये वसई पडली, १७७४ च्या अखेरीस ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी घेतला. राज्ये बदलली, धर्म आधीच बदलला होता, पण लोंबी पिकण्याचा महिना कोणाच्याही फर्मानाने बदलला नाही. आणि हिशेब करून पाहिला तर कॅनडाचा आभारदिन आगेऱ्याच्या मागोमाग, कधी दुसऱ्याच दिवशी तर कधी आठ दिवसांनी येतो.

या समाजाच्या नावाची कथाही येथे सांगण्याजोगी आहे. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिश्चनांपासून आपले वेगळेपण सरकारदरबारी नोंदले जावे म्हणून मुंबई-ठाण्याच्या या मूळ रहिवाशांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. आता गंमत पाहा. कॅनडाच्या जनगणनेत वर्षानुवर्षे भारतातून आलेल्या सर्वांनाच, मग तो लुधियानाचा असो की डोंबिवलीचा, ‘ईस्ट इंडियन’ म्हणून नोंदले गेले. आपल्या शेजाऱ्याचा सण कोणता हे ज्याने आयुष्यात विचारले नाही, त्या डोंबिवलीकराला सात समुद्रांपलीकडे त्याच शेजाऱ्याचे नाव मिळाले!

तिसरा दाखला ठाण्यातलाच. १८७९ साली, म्हणजे कॅनडाने सुगीचा राष्ट्रीय आभारदिन पाळला त्याच वर्षी, ठाण्यात ‘शार हशामायिम’ हे बेने इस्राएल समाजाचे सिनेगॉग उभे राहिले. हे मराठी बोलणारे यहुदी शुभकार्य पार पडले किंवा नवस फेडायचा असला की ‘मलिदा’ करतात. गोड पोहे, ओले खोबरे, निरनिराळी फळे यांचे ताट मांडून एलियाहू पैगंबराचे स्मरण करायचे आणि ईश्वराचे आभार मानायचे. जगातील अन्य यहुद्यांत हा विधी नाही. तो कोकणचा आहे, पोह्यांवरूनच ते कळते. या समाजातील बहुतेक लोक १९४८ नंतर इस्राएलला गेले आणि तेथेही मलिदा करतात, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी तेथे चालवले. मातृभूमी कोणती आणि पितृभूमी कोणती या प्रश्नाने त्यांना कमी छळले नसेल, पण मलिद्याच्या ताटाला त्याचे उत्तर द्यावे लागले नाही.

एकच भात, त्याची लोंबी दाराला बांधली की नवान्न, चर्चमध्ये नेली की आगेरा, आणि त्याचे पोहे ताटात मांडून पैगंबराचे नाव घेतले की मलिदा. कॅनडाने जो सर्वांना सामावणारा सण कायद्याने आणि सुट्टीने घडवला, त्याची सगळी सामग्री ठाणे जिल्ह्यात शेकडो वर्षे तयार होती. ती एकत्र आली नाही याचे कारण असे की, प्रत्येकाने आपापल्या भिंतीआड आभार मानले आणि भिंतीपलीकडच्याला बोलावणे धाडले नाही. कल्याणच्या कोकणी मुसलमानांचीही भातशेती होती. उल्हासनगरच्या छावणीत वसलेल्या सिंधी निर्वासितांना तर कृतज्ञता आणि दुःख यांचा हिशेब कोणी शिकवण्याची गरज नव्हती. यांतील कोणाचेही पान दुसऱ्याच्या पंगतीत मांडले गेले नाही.

आणि ते मांडले जाण्याच्या आत शेतच गेले. आगगाडी १८५३ साली ठाण्याला आणि १८५४ साली कल्याणला पोहोचली, तरी पुढची शंभर वर्षे रुळांच्या दोन्ही बाजूंना खाचरे होती. मग गिरगाव-दादरच्या चाळींत मावेनासा झालेला मध्यमवर्ग डोंबिवलीला आला आणि खाचरांत भराव पडू लागले. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास आणि ठाणे शहराची अठरा लाखांवर भरली. १९८३ साली स्थापन झालेल्या कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेत भोवतालची २७ गावे घातली गेली, २००२ साली ती बाहेर काढली गेली, २०१५ साली पुन्हा आत आली. आम्ही शहर की गाव, आमचा कर कोण घेणार आणि आमचे नाव कोणत्या पाटीवर लागणार, हा त्या गावांचा झगडा म्हणजे क्वेबेकच्या झगड्याचे लहानसे रूप होय, असे म्हटले तर दोन्हीकडच्या मंडळींना ते आवडणार नाही. जमिनीला भाव आला तसे आगरी कुटुंबांनी बंगले बांधले, मुलांना शिकवले. केवळ शेत गेले म्हणून गळा काढणे त्यांच्यावर अन्याय करणारे ठरेल. चिखलात कमरेतून वाकून लावणी करण्यात काही काव्य नसते, हे लावणी करणाऱ्याला चांगले ठाऊक असते.

शेत गेले, पण सणाची भूक राहिली. डोंबिवलीच्या श्रीगणेश मंदिर संस्थानाने १९९९ च्या गुढीपाडव्याला नववर्ष स्वागतयात्रा काढली, ती या भुकेतूनच. मंदिर १९२४ सालचे, यात्रेची कल्पना अगदी नवी. फेटे, नऊवारी, लेझीम, ढोलपथके, मोटारसायकलवर स्वार झालेल्या स्त्रिया, चित्ररथ. पाहता पाहता ही प्रथा ठाण्यात, गिरगावात आणि महाराष्ट्राच्या अनेक शहरांत गेली. तिच्यामागे संयोजन आहे, शिस्त आहे आणि फडके रोडवर त्या सकाळी जो आनंद ओसंडतो तो बनावट नाही. परंतु एक गोष्ट नजरेतून सुटू नये. भाताच्या मुलखात चैत्र हा सुगीचा महिना नव्हे. चैत्रात खाचरे कोरडी, भेगाळलेली असतात आणि शेतकरी राब भाजत असतो. म्हणजे ज्या मातीवर स्वागतयात्रा चालते त्या मातीच्या दिनक्रमाशी तिचा संबंध नाही. ती पंचांगाची आणि अभिमानाची यात्रा आहे. अभिमान वाईट नव्हे. पण ‘आम्ही कोण’ हे सांगणारा सण आणि ‘आम्हांला कोणी जेवू घातले’ हे विचारणारा सण, यांची जात वेगळी असते. पहिल्याला प्रेक्षक लागतात, दुसऱ्याला पाहुणे.

कॅनडालाही हा दुसरा प्रश्न अलीकडे टोचू लागला आहे. २०२१ पासून तेथे ३० सप्टेंबर हा सत्य आणि समेट यांचा राष्ट्रीय दिवस पाळला जातो. आदिवासींच्या मुलांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत कोंबले गेले, त्याची आठवण म्हणून. त्यानंतर पंधरवडाही उलटत नाही तोच आभारदिन येतो. ज्यांची भूमी घेतली त्यांच्या भूमीवर पिकलेल्या धान्याचे आभार मानताना त्यांचे नाव घ्यायचे की नाही, यावर तेथील शाळांत आणि घरांत बोलले जाते. हे बोलणे पुष्कळदा औपचारिक असते, सभेच्या आरंभी वाचून दाखवण्यापुरते असते, अशी टीका आदिवासीच करतात. तरीही ते होते. आपल्याकडे गृहसंकुलाच्या उद्घाटनाला नारळ फुटतो, भूमिपूजन होते, पण त्या भूमीत काल कोणाचे खळे होते याचा उल्लेख कोणी करत नाही. संकुलाला नाव मात्र एखाद्या युरोपीय बागेचे मिळते.

या सगळ्याला कायद्याची एक बोचरी झालर आहे. डोंबिवलीच्या ज्या मुलाने कॅनडाचे नागरिकत्व घेतले, त्याला भारताचे पारपत्र परत करावे लागते; आपली घटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. २००५ पासून त्याच्यासाठी परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड आहे. नावात ‘नागरिक’ आहे, मताचा अधिकार नाही. ते घेऊन तो येथे सदनिका विकत घेऊ शकतो, शेतजमीन घेऊ शकत नाही. वारसाने आली तरच ती त्याची. हे ऐकून त्याचे डोंबिवलीतले भाऊबंद चुकचुकतात. पण महाराष्ट्रात कुळकायद्याने बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन विकत घेता येत नाही, हे त्यांच्या ध्यानात नसते. तेव्हा टोरांटोचा धाकटा आणि डोंबिवलीचा थोरला, दोघेही सारखेच. दोघांच्याही ताटात भात आहे आणि दोघांपैकी कोणालाही तो पिकवण्यासाठी खाचर विकत मिळणार नाही. फरक एवढा की, धाकट्याला त्या भाताचे आभार मानण्यासाठी सरकारने एक सोमवार दिला आहे.

थोरल्याला दसरा आहे. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी डोंबिवली, कल्याण आणि ठाणे स्थानकांबाहेर झेंडू, आपट्याची पाने आणि भाताच्या लोंब्यांच्या जुड्या घेऊन आदिवासी बायका बसतात. आगेऱ्यासाठीही, जेथे गावाला शेत उरलेले नाही तेथे, लोंब्या अशाच बाहेरून आणाव्या लागतात. या बायका शहापूरकडून पहाटेच्या गाडीने आलेल्या असतात, फलाटाच्या जिन्याखाली ओझे उतरवतात आणि पोलिसाने उठवले की चार पावले सरकून पुन्हा बसतात. कार्यालयातून परतणारी गर्दी जुडीची किंमत विचारते, थोडी घासाघीस करते, तोरणापुरत्या लोंब्या पिशवीत टाकते. हे कोणत्या गावचे भात, असे क्वचितच कोणी विचारते. उरलेल्या जुड्या गोणपाटात बांधून बायका रात्रीची कसारा गाडी पकडतात, कारण घरी अजून निमगरव्याची कापणी व्हायची असते.